दुखायचं थांबलं म्हणजे पळता येतं असं नाही

संपादक साहेब, नमस्कार.

दुखापतीवर मात करून पठ्ठ्या मैदानात उतरला अशी बातमी तुमच्या क्रीडा पानावर आली की पेठेत ती ग्रुपवर फिरते आणि पोरांना वाटतं हीच मर्दानगी. माझ्या भाच्याचं पण असंच कौतुक झालेलं. फुटबॉलमधे राईट विंगला, म्हणजे उजव्या कडेनं पळणारा, खेळतो. शाहू स्टेडियमवर थ्रू बॉल, म्हणजे डिफेंडरांमधून पुढं टाकलेला पास, त्याच्यामागं सुटला आणि मधेच मांडीमागं हात लावून बसला, म्हणाला मामा कुणीतरी मागनं दगड मारल्यागत झालं. हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू. सतराव्या दिवशी दुखत नाही म्हणून टीमनं पट्टी गुंडाळून, स्प्रे मारून सेमीला उतरवला, आणि वीस मिनिटांत तोच पाय परत गेला.

त्या वीस मिनिटांत जे दिसलं ते सांगतो. चालणं, जॉगिंग, पास सगळं ओके, पण बॉल सुटला की पहिली चार-पाच पावलं उचलतच नव्हती. कारण सुरुवातीला अंग पुढं झुकवून जमीन मागं ढकलायची असते आणि ते काम मोठ्या प्रमाणात मांडीमागच्या स्नायूंचंच. २०१४ च्या एका अभ्यासात हेच आलंय, खेळायची परवानगी मिळालेल्या फुटबॉलपटूंची पुढं ढकलणारी ताकद अजून कमीच होती, साधारण दोन महिने नियमित सराव झाल्यावर ती भरून आली. आम्ही सतरा दिवस दिले!

युरोपातल्या मोठ्या क्लबांत २००१-०२ ला एकूण दुखापतींत हॅमस्ट्रिंगच्या १२ टक्के होत्या, २०२१-२२ ला त्या २४ टक्के झाल्या, आणि त्यांच्याकडं फिजिओ, जीपीएस सगळं आहे, आमच्याकडं एक स्प्रेचा डबा, तो पण अर्धा. इंग्लंडचा स्ट्रायकर मायकेल ओवेनची १९९९ ला लीड्सविरुद्ध पळताना हॅमस्ट्रिंग फाटली तेव्हा तो १९ वर्षांचा होता, पुढं २००१ चा बॅलन डी'ओर, म्हणजे सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, मिळाला तरी आधीचा वेग परत आला नाही असं तो स्वतःच सांगतो.

वेग मोजायची मशीन नसली तरी चालतंय. तीस मीटर टेपनं मोजा, पोरगं तेवढं पळताना मोबाईलवर स्लो मोशनमधे शूट करा. आमच्याकडं चांगल्या दिवसांतला व्हिडिओ होता, ४.३ सेकंद. दुसऱ्या दुखापतीनंतर फिजिओ हो म्हणाले तेव्हा ४.५ आले. दोन दशांश म्हणजे काय हो, असं टीमचे एकजण म्हणाले. त्या स्पीडला ते दीड मीटर होतंय, तेवढ्यात डिफेंडर बॉल काढून चहा पिऊन येईल.

तुम्ही एवढंच करा, पुनरागमनाची बातमी छापताना कितव्या दिवशी उतरवला ते पण लिहा, म्हणजे टीमला कुणीतरी विचारील.

भाचा सध्या बाहेरच आहे. रोज संध्याकाळी गुडघ्यावर बसून नॉर्डिक, म्हणजे मांडीमागच्या स्नायूचा व्यायाम, करतो, हळूहळू पुढं झुकायचं, आणि माझी बहीण मागनं त्याचे घोटे धरून मोजते. सहानंतर परत पाचच म्हणते, तो ओरडतो.

– एक फुटबॉलवेडा मामा, शिवाजी पेठ, कोल्हापूर