म्हाताऱ्यांना टॉनिक नको, पायात ताकद द्या : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री, कर्नाटक सरकार यांस,

साहेब नमस्कार,

जून २०२३ ला शक्ती योजना सुरू झाली, बायकांना बस फुकट झाली, चांगलंच झालं. पण आमच्या खानापूर भागात एकदा स्टँडवर उभं राहून बघा, सत्तरीच्या पुढच्या आज्ज्या बसच्या पहिल्या पायरीलाच अडतात. दांडा धरायचा, मागून कुणीतरी ढकलायचं, कंडक्टरची घाई चाललेली, आणि मग पुढच्या वेळी त्या घरातून निघतच नाहीत. तिकीट फुकट आहे हो, पण मांडीत ताकद नाही तर चढायचं कसं?

एकदा घरी बसलं की पुढचं ठरलेलंच. अमेरिकेत २००७ च्या एका अभ्यासात धडधाकट म्हाताऱ्या माणसांना फक्त १० दिवस अंथरुणात ठेवलं, तर पायांचं मांस जवळजवळ १ किलो गेलं. आणि आमच्याकडे नुसता ताप येऊन गेला तरी "आज्जी तुम्ही उठू नका" महिनाभर चालतं. प्रेमानंच करतात सगळे, पण माणूस तिथंच खाटेला लागतो.

दवाखान्यात नेलं तर काय, टॉनिकची बाटली. त्यावर तर १९९४ लाच बोस्टनमध्ये प्रयोग झालाय, वृद्धाश्रमातली १०० अशक्त माणसं, सरासरी वय ८७. काहींना १० आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम दिला, काहींना नुसतं पौष्टिक पेय. व्यायामवाल्यांची ताकद दुपटीपेक्षा जास्त झाली, चालायचा वेग वाढला, जिना जोरात चढायला लागले. नुसतं पेय पिणाऱ्यांचा अशक्तपणा होता तिथंच राहिला. ८७ व्या वर्षी, साहेब! "आता या वयात काय" म्हणणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला पाहिजे.

नंतर २०१४ ला १६३५ लोकांचा मोठा अभ्यास आला, ७० ते ८९ वयाचे, आधीच चालणं मंदावलेले. चालणं, पायांची ताकद, तोल असा व्यायाम शिकवला, तर ४०० मीटर चालता न येण्याचा धोका आरोग्याची नुसती माहिती दिलेल्या गटापेक्षा १८ टक्के कमी झाला. जागतिक आरोग्य संघटना पण पासष्टीनंतर आठवड्यातनं निदान ३ दिवस तोलाचा आणि ताकदीचा व्यायाम करा म्हणते. नुसतं "रोज फिरा" सांगून भागत नाही, आणि जांबोटी-कणकुंबीच्या पावसात कुठं फिरणार ते पण सांगा.

बागेतली ओपन जिम दाखवू नका, त्या मशीनवर चढायलाच तरणं पोर लागतं. आम्हाला पाहिजे ती एक घट्ट खुर्ची आणि शिकवणारं माणूस. हात न टेकता खुर्चीतनं उठणं-बसणं, चौकट धरून टाचा उचलणं, आधार धरून एका पायावर थांबणं, जमेल तसं घोट्याला वाळूची पिशवी बांधून पाय सरळ करणं. हळूहळू वजन वाढवलं नाही तर ताकद वाढत नाही, आणि हार्टचा त्रास, नुकतंच हाड मोडलेलं असं काही असेल तर आधी तपासायला पाहिजे, म्हणून तर फिजिओथेरपिस्ट मागतोय. त्यासाठी बेळगावला जायला सांगू नका, बसचं वर सांगितलंच.

तालुक्याच्या दवाखान्यातनं फिजिओथेरपिस्ट ठरलेल्या वारी गावात येऊ दे, आशाताईंना शिकवू दे, बाकीचे दिवस त्या घेतील. पण त्यांना त्याचं वेगळं मानधन द्या, फुकटची कामं त्यांच्या गळ्यात आधीच भरपूर आहेत. जागा गावात मिळते, देवळाचा सभामंडप आहे, कुठं जुनी तालीम आहे. व्यायामाचा कागद कन्नड आणि मराठी दोन्हीत, मोठ्या अक्षरात, चित्रं घालून काढा, कारण कणकुंबीकडच्या आज्जीला कन्नड वाचता येत नाही आणि त्यावरनं भांडायला तिला आता वेळ पण नाही.

सुरुवात खानापूर तालुक्यातल्या चार-पाच गावांतनं करा. पहिल्या दिवशी प्रत्येकाला खुर्चीतनं पाच वेळा उठायला किती सेकंद लागतात ते लिहून घ्या, तीन महिन्यांनी परत मोजा. फरक दिसला तर निपाणी, चिकोडीकडं वाढवा, नाही दिसला तर बंद करा, आम्ही मोर्चा काढणार नाही.

आपला,
खानापूर तालुक्यातला एक मतदार