सूचना : जोडीदाराची सोशल सिक्युरिटी (अमेरिकेची सरकारी पेन्शन) – शनिवारची बैठक

ज्येष्ठ गटातील सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या शनिवारी सकाळी १०.३० वाजता वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसायचं आहे. शक्यतो दोघांनीही यावं. "ह्यांनाच सगळं माहीत" असं म्हणून घरी थांबू नका, कारण अर्ज तुमच्या नावाचा असतो.

येण्याआधी एवढं वाचा :

– इथे अमेरिकेत एकही दिवस नोकरी केली नसली तरी जोडीदाराच्या नोकरीच्या नोंदीवर पेन्शन मिळू शकते. वय किमान ६२, लग्नाला साधारण एक वर्ष झालेलं, आणि जोडीदाराने स्वतःची पेन्शन सुरू केलेली हवी. हा शेवटचा मुद्दा बरेच जण विसरतात.

– समजा, यजमानांची पूर्ण निवृत्तीवयाला मिळणारी रक्कम महिन्याला २,४०० डॉलर आहे. १९६० किंवा नंतर जन्मलेल्या पत्नीने ६७ व्या वर्षी घेतली तर १,२००, ६२ व्या वर्षी घाई केली तर ७८० च. ६७ नंतर थांबून मात्र ही रक्कम वाढत नाही. यजमानांच्या चेकमधून काही कापत नाहीत.

– स्वतःची पेन्शन असेल तर दोन्ही पूर्ण मिळत नाहीत; आधी स्वतःची मिळते आणि जोडीदाराच्या नोंदीवरची जास्त असेल तर फक्त वरचा फरक मिळतो.

– घटस्फोटितांनाही हक्क आहे. लग्न १० वर्षं टिकलेलं आणि सध्या अविवाहित असावं.

विवाह नोंदणीचा दाखला शोधून ठेवा. मागच्या वेळी एक काकू लग्नाचा अल्बम घेऊन आल्या होत्या. फोटो सुरेख होते, पण दाखला तो दाखलाच.

सोशल सिक्युरिटी नंबर कृपया ग्रुपवर टाकू नका. येणार असाल तर गुरुवारपर्यंत कळवा, चहाचा अंदाज येईल.