आणखी एक भाषा, आणखी एक वर्ष

ती. आई-बाबांस,
सा. न.

रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "चिनी झाली ना शिकून? मग आता जपानी कशाला?" मी "नंतर सांगते" म्हणून विषय बदलला. फोनवर हे मला नीट सांगता येत नाही. आई मध्येच झोपेची चौकशी करते आणि माझा धागा तुटतो. म्हणून पत्र. यात एक बातमी आहे, ती आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटचं पान आधी उलटून बघायला नको. प्रबंधाला मला एक वर्ष जास्त लागणार आहे. मार्गदर्शक बाईंना ते मान्य आहे. शिष्यवृत्ती वाढवून मागणारा अर्जही दिला आहे. आता का, ते वाचा.

मी अजून "लेक्चरला जाते" म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर बाक, फळा आणि वही येते. तशी लेक्चरं असतात. बाहेरून कुणी अभ्यासक येतात, पाऊण तास बोलतात, मग प्रश्नोत्तरं. पहिला हात वर करणारा माणूस हमखास प्रश्न विचारत नाही, स्वतःचंच छोटं व्याख्यान देतो. खरं सांगायचं तर यातली बरीचशी लेक्चरं मी महिन्याभरात विसरते.

एक मात्र डोक्यातून जात नाही. ते मोरोहाशी तेत्सुजी या जपानी विद्वानाने केलेल्या चिनी-जपानी कोशाबद्दल होतं. त्यात जवळपास ५०,००० अक्षरं आहेत. पहिला खंड १९४३ साली, ऐन युद्धात निघाला. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात पुढच्या खंडांसाठी जुळवून ठेवलेली छपाईची सगळी सामग्री जळाली. प्रुफांचे संच वाचले, त्यांच्यावरून काम पुन्हा उभं राहिलं आणि १९५५ ते १९६० या काळात १३ खंड बाहेर पडले. बाबा, जुनी चिनी वाचणाऱ्याला आजही ज्याच्याकडे जावं लागतं असा हा कोश, आणि त्यातले अर्थ दिलेत जपानीत. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

उरलेलं अर्धं वर्कशॉपमध्ये मिळालं. वर्कशॉप म्हटलं की तुम्हाला लेथ आणि कुलंटचा वास आठवणार, माहीत आहे. आमचं म्हणजे एक लांब टेबल, बारा माणसं आणि दोन तास. दर गुरुवारी जुन्या चिनीतला एक उतारा सगळ्यांनी मिळून वाचायचा. "वाचायचा" म्हणजे काय, तर एकदा दोन तासांत आठ अक्षरं झाली.

उतारा श्वेनत्सांगचा होता. आपल्या शाळेच्या पुस्तकात हाच युआन श्वांग. जुन्या इंग्रजी पुस्तकांत त्याचं स्पेलिंग वेगळं, १९५८ साली चीनने स्वीकारलेल्या पिनयिनमध्ये (चिनी रोमन लिपीत लिहायची पद्धत) वेगळं, जपानीत तो गेन्जो आणि कोरियनमध्ये ह्यॉनजांग. लेख शोधताना ही सगळी रूपं टाकून बघावी लागतात, नाहीतर अर्धं कपाट दिसतच नाही. तो ६४५ साली चीनला परतला आणि पुढच्याच वर्षी त्याचा प्रवासवृत्तांत सम्राटाला सादर झाला. त्यात एक देश येतो, मो-ह-ला-छा. ओळखलंत? महाराष्ट्र! राजा पुलकेशी (दुसरा). शंभरावर विहार, पाच हजारांवर भिक्षू. आणि लोक कसे? उंचपुरे, मानी, आणि मग ती आठ अक्षरं. आजच्या उच्चारात "यौ अन पी पाओ, यौ य्वेन पी फू". उपकार केला तर फेडणारच, वैर केलं तर उगवणारच. पुढे म्हणतो की हे लोक सूड घेण्याआधी शत्रूला तसं कळवतात. आई, हे वाचताना मला एकदम आत्याच आठवली. वर्गात मात्र गप्प बसले.

यावर दोन तास काय बोलणार, असं वाटेल. "पी" म्हणजे "फेडलंच पाहिजे" की "न चुकता फेडतात"? एक नियम झाला, दुसरा स्वभाव. "पाओ" हे अक्षर बौद्ध ग्रंथांत कर्मफळासाठीही येतं. मग लिहिणाऱ्या भिक्षूच्या कानात तो सूर होता का? कोरियाच्या इतिहासावर काम करणारा एक मुलगा म्हणाला, अक्षरांवर एवढं भांडण्याआधी ही अक्षरं आपल्यापर्यंत कुठून आली ते बघू. तो बोलतो कमी, पण बोलला की बाकीच्यांना वही उघडावी लागते.

आम्ही वापरत होतो ती प्रत तैशो संग्रहातली, म्हणजे १९२४ ते १९३४ या काळात टोकियोत छापलेल्या चिनी बौद्ध ग्रंथांच्या संग्रहातली. त्या संग्रहाचा मुख्य आधार कोरियातले लाकडी ठसे. तेराव्या शतकात, मंगोल स्वाऱ्यांच्या काळात कोरले गेलेले हे ऐंशी हजारांवर ठसे आजही हैइन्सा नावाच्या मठात रचून ठेवलेले आहेत. म्हणजे महाराष्ट्राबद्दल चिनी भिक्षूने सांगितलेलं कोरियन कारागिरांनी कोरलं आणि जपानी संपादकांनी छापलं. मी दोन वर्षं सगळ्यांना "चीनचा अभ्यास करते" असं सांगत होते. विभागाच्या दारावर "पूर्व आशिया" का लिहिलंय, ते मला त्या गुरुवारी कळलं.

आता जे फोनवर सांगितलं नव्हतं, ते. गेल्या महिन्यात माझ्या स्वतःच्या प्रबंधाचं एक प्रकरण चर्चेला होतं. आमच्याकडे निबंध वाचून दाखवत नाहीत. आठवडाभर आधी सगळ्यांना पाठवायचा, आणि त्या दिवशी लेखकाने जवळजवळ तोंड बंद ठेवायचं. एक जण आधी नेमलेला असतो, तो सुरुवात करतो. मी लिहिलं होतं की ही आठ अक्षरं म्हणजे डोळ्यांनी बघितलेल्या माणसाची साक्ष. नेमलेल्या मुलीने शांतपणे विचारलं, "हा लेखक प्रत्येक देशाचं वर्णन एकाच साच्यात करतो. परीघ किती, हवा कशी, पीक काय, स्वभाव कसा. यातलं साच्याचं किती आणि त्याने बघितलेलं किती, हे तू कसं ठरवलंस?" मी ठरवलंच नव्हतं. वर दुसऱ्या कुणीतरी आठवण करून दिली की शब्द एकट्या श्वेनत्सांगचे नाहीत. त्याने सांगायचं आणि प्येनची नावाच्या भिक्षूने ते नीट लिहून काढायचं, अशी वाटणी होती. माझ्या पंचवीस पानांतली अठरा तिथल्या तिथे गेली.

त्या रात्री मी रडले. तुम्हाला फोन केला तेव्हा "सर्दी झालीय" म्हणाले होते, ती हीच सर्दी. मग बाबांचं इन्स्पेक्शन आठवलं. तुम्ही म्हणायचात, गेजने जॉब परत पाठवला तर गेजवर काय चिडायचं? दुसऱ्या दिवशी त्या मुलीकडे जाऊन तिच्या टिपणांची प्रत मागून घेतली. माझ्या निबंधावर तिने जवळजवळ निबंधाएवढंच लिहिलं होतं.

तिच्याच टिपणांत होतं की या साच्याच्या प्रश्नावर जपानी अभ्यासकांनी भरपूर लिहून ठेवलंय आणि त्यातलं फारच थोडं इंग्रजीत आलंय. तेव्हा बाबा, जपानी याकरता. छापील जपानी पुरेल. जुनी हस्तलिखितं नाही वाचायची. तशी मी त्या लिपीच्याही एका वर्कशॉपला डोकावून आले. पूर्वी एकाच ध्वनीची अनेक रूपं चालायची, ती १९०० साली शाळांसाठी एकेक ठरवून टाकली. त्यामुळे आज बहुतेक जपानी लोकांनाही पणजोबांची चिठ्ठी वाचता येत नाही. आजोबांच्या पेटीतल्या मोडी कागदांपुढे आपली जी गत होते, तीच. तासाभरात माझ्या अडीच ओळी झाल्या, आणि त्यातली दीड चुकीची होती.

आई, एक वर्ष म्हणजे तुला किती वाटतं ते मला कळतं. नोकरीचं विचारणाऱ्यांना काय सांगायचं, हा तुझा प्रश्नही. मलाही नीट उत्तर सुचलेलं नाही. "अजून शिकतेय" म्हण, खोटं नाही. अर्जाचं उत्तर पुढच्या महिन्यात येईल, "नाही" आलं तरी लगेच कळवीन.

सुधारलेलं प्रकरण या शुक्रवारी पुन्हा टेबलावर आहे, आणि पहिली बोलणार तीच मुलगी. संध्याकाळी फोन लागला नाही तर काळजी करू नका. नऊनंतर मीच करेन, आणि सर्दी झाली असेल तर या वेळी तसं सांगेन.

तुमची,
धाकटी