सावल्या उतारावरून उतरतात तेव्हा

ती. आई-बाबांस सा. न.

‘ला बायादेर’ या बॅलेची पाठवलेली डिस्क पाहून झाली, हे फोनवर कळलं. बाबांचे दोन आक्षेप लिहून ठेवले होते: गोवळकोंड्यात हे असलं देऊळ कुठून आलं, आणि त्या पांढऱ्या कपड्यांतल्या मुली एकच गोष्ट इतक्यांदा का करतात. आईचा प्रश्न वेगळा. ज्याचं नाव सर्वांत आधी येतं तो मारियुस पेतिपा नाचत नाही, वाजवत नाही, मग करतो काय?

आधी देवळाचं. पेतिपाने भारत कधी पाहिला नाही. ‘ला बायादेर’ या नावातला बायादेर हा शब्द मात्र आपल्याकडून गेलेला. पोर्तुगिजांनी नाचणाऱ्या बाईला बायलादेइरा म्हटलं, फ्रेंचांनी त्याचं बायादेर केलं. म्हणजे फोंड्याच्या देवळांतल्या ज्या कलावंतिणींबद्दल आई सांगते, त्यांचंच पोर्तुगीज नाव फिरत फिरत रशियात पीटर्सबर्गला पोचलं. बाकी सगळी मिसळच आहे: ब्राह्मण, फकीर, वाघाची शिकार, अफू, सापाची टोपली. राजाचं नाव दुग्मंता, हा मला आपला दुष्यंतच वाटतो, कारण पेतिपाच्या थोरल्या भावाने, ल्युसियाँने, १८५८ मध्ये पॅरिसला शकुंतलेवर बॅले बसवला होता. तेव्हा बाबा, भूगोल सोडून द्या आणि मांडणी बघा. पेतिपाचं काम तिथे आहे.

त्याचं आयुष्य थोडक्यात सांगते. जन्म १८१८, मार्सेय. वडील बॅलेमास्टर, म्हणजे बॅले बसवणारे, त्यामुळे तालमीच्या खोलीतच वाढला. काही वर्षं माद्रिदला काढली आणि तिथले नाच उचलले. ते पुढे ‘डॉन किहोते’मध्ये (१८६९) कामी आले. १८४७ मध्ये एका वर्षाच्या करारावर नर्तक म्हणून पीटर्सबर्गला गेला आणि मग रशियातच राहिला. रशियन भाषा मात्र त्याला शेवटपर्यंत धड आली नाही. १८६२ मध्ये ‘फेरोची कन्या’ हा चारेक तासांचा बॅले त्याने जेमतेम सहा आठवड्यांत उभा केला. १८७१ पासून तो सम्राटाच्या बॅलेचा मुख्य बॅलेमास्टर. नाच बसवायचे, मूकाभिनयाचे प्रवेश बसवायचे, मिरवणुकी आखायच्या, कोणाला कुठली भूमिका द्यायची ते ठरवायचं, हे सगळं त्याच्याकडे. बाबा, तुमच्या उत्सवी नाटकात दिग्दर्शक आणि नृत्य बसवणारा वेगळे असायचे. इथे दोन्ही एकच माणूस.

आई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या घरच्या टेबलावर आहे. गर्दीचे प्रवेश तो तालमीत बसून शोधत नसे. कागदाच्या लगद्याच्या छोट्या बाहुल्या टेबलावर बुद्धिबळासारख्या मांडायच्या, सरकवायच्या, पटलं की कागदावर उतरवायचं: बाईला शून्य, पुरुषाला फुली. तालमीला येताना आकडे तयार असत. संगीतकारालाही तो असंच मोजून मागे. ‘निद्रिस्त सुंदरी’साठी (१८९०) चायकोव्हस्कीला दिलेल्या टिपणांत चाती टोचण्याचा प्रसंग बघ: म्हातारी दोनच्या तालात सुया आपटते, त्याचा हळूहळू तीनच्या तालातला वॉल्ट्झ होतो, मग एकदम थांबा, टोचलं, किंकाळी, रक्त, आणि त्यासाठी चारच्या तालाचे आठ बार, म्हणजे आठ आवर्तनं. एवढ्या अटी घालूनही ते संगीत जिवंत झालं, याचं श्रेय चायकोव्हस्कीचं. पण प्रसंगाची लांबी आधीच ठरलेली होती.

आता पांढऱ्या मुली. देवळातली नर्तकी निकिया साप चावून मेलेली आहे, तिचा प्रियकर सोलोर अफू ओढतो आणि त्याला तिच्या सावल्या दिसतात. ‘बायादेर’ १८७७ चा, संगीत लुडविग मिंकुसचं. मागे नागमोडी उतार असतो. त्यावर पहिली मुलगी येते: पुढच्या पायावर गुडघा किंचित वाकवून दुसरा पाय मागे उचलते, मग वजन मागे घेऊन सरळ होते, हात डोक्यावर नेत पाठ मागे झुकवते, आणि पुढे चालते. संगीताची ओळ संपली की तीच ओळ पुन्हा, आणि मागून दुसरी मुलगी. दर ओळीला एक. पीटर्सबर्गच्या मारिन्स्की थिएटरात ३२ मुली असतात, पश्चिमेतल्या अनेक कंपन्यांत २४. आई, हिशेब तूच कर: बत्तिसावी उतारावर पाऊल टाकते तेव्हा पहिलीचं बत्तिसावं चाललेलं असतं, आणि शेवटची खाली येईपर्यंत तिची सुटका नाही. खाली आल्यावर ८ च्या ४ रांगा. ३२ हा आकडा सोयीचा का, हे गणिताच्या बाईंना सांगायला नको.

पाऊल अवघड नाही, म्हणूनच चूक लपत नाही. उतारावर वजन आपोआप बोटांकडे सरकतं आणि टेकलेल्या पायाचा घोटा थरथरतो. वळण आलं की दिशा उलटते, पायही बदलतो. उजवा पक्का आणि डावा कच्चा असलेली मुलगी तिथे उघडी पडते. निळसर अंधार आणि बाजूने डोळ्यांवर येणारा दिवा, त्यामुळे नजर रोवायला काही नसतं. मागचा पाय किती उचलायचा ते जिचा सर्वांत उंच जातो तिच्यावरून ठरवायचं नसतं. एकीचा चार बोटं वर गेला तरी रांग मोडते. अंतर कमी पडलं तर पाय मागचीला लागतो. दंडाला आणि केसांना बांधलेली जाळीची ओढणी अडकते ती वेगळीच. वाद्यवृंद संथ झाला तर मांड्या पेटतात, घाई झाली तर रांग ओबडधोबड होते. आणि खरी परीक्षा सगळ्या खाली आल्यावर: पाय हळूहळू बाजूला उलगडून वर धरायचा, बत्तीस जणींनी एकदम. डिस्क थांबवून तिसरी रांग बघा. कोणाचा ना कोणाचा घोटा हललेला दिसेल.

ही गर्दी नुसती शोभेची नाही. मुख्य नर्तिकेचा एकल नाच मिनिट-दीड मिनिटाचा, पण तो संपताना दम पुरता गेलेला असतो. मग दुसऱ्या एकल नर्तिका येतात, समूह येतो, तोवर ती विंगेत श्वास घेते. पेतिपाच्या रचनेत हे विसाव्याचे हिशेब जागोजाग आहेत. मला तर त्याची खरी हुशारी पावलांपेक्षा या हिशेबातच दिसते. समोरची नर्तिका बदलली की तिला जे सहज येतं त्याप्रमाणे तिचा एकल नाच तो बदलून देई. समूहाला मात्र अशी मोकळीक नसे.

शेवट फारसा चांगला झाला नाही. १९०३ मध्ये त्याचा ‘जादूचा आरसा’ हा बॅले आपटला, नव्या व्यवस्थापनाला म्हातारा नकोच होता, आणि १९१० मध्ये क्रिमियात तो वारला, ९२ व्या वर्षी. त्याची बरीच कामं स्तेपानोव्हच्या लिपीत, म्हणजे नाच लिहायच्या खुणांत, लिहून ठेवलेली होती. ती बाडं तिथल्याच बॅलेतला निकोलाय सेर्गेयेव्ह क्रांतीनंतर रशियाबाहेर घेऊन गेला. आज ती हार्वर्डमध्ये आहेत.

बाबा, तुम्ही म्हणालात की गोष्ट अर्धवट सुटली, लग्नाचं पुढे काय झालं. तुमचं बरोबर आहे. पेतिपाच्या मूळ बॅलेत याच्यानंतर आणखी एक अंक होता: सोलोर आणि राजकन्येचं लग्न लागतं आणि देऊळ सगळ्यांवर कोसळतं. सोव्हिएत काळात तो गळला आणि सावल्यांवरच पडदा पडू लागला. तुमची डिस्क त्या पाठाची. नतालिया मकारोवा या रशियन नर्तिकेने १९८० मध्ये न्यूयॉर्कला देऊळ पुन्हा पाडलं. ती डिस्क पुढच्या पार्सलात, आईच्या चष्म्याच्या काचांबरोबर.

तुमची
लाडकी लेक