शोधनिबंधांच्या संख्येवर संशोधन अनुदान ठरवू नये

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विद्यापीठांची क्रमवारी जाहीर झाली की शोधनिबंध किती छापले गेले आणि त्यांना संदर्भ (इतर निबंधांत झालेले उल्लेख) किती मिळाले हे आकडे ठळकपणे झळकतात. प्राध्यापकांची पदोन्नती आणि प्रकल्पांचे अनुदानही याच आकड्यांभोवती फिरते. पीएचडीचा प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापण्याची सक्ती यूजीसीने २०२२ च्या नियमांत काढून टाकली, हे योग्यच झाले. मात्र पुढची सगळी साखळी तशीच आहे. एकच आकडा सर्व विद्याशाखांना लावल्याने नेमके काय बिघडते, हे जपानमधील तीन क्षेत्रांच्या उदाहरणांवरून स्पष्ट होईल: शल्यचिकित्सा, प्राचीन काव्य आणि बॅटरीचे पदार्थ.

आधी शल्यचिकित्सा. जठराच्या कर्करोगात जठराचा भाग आणि त्याभोवतीच्या लसिका ग्रंथी (लिम्फ नोड) काढणे ही जपानमधील रूढ शस्त्रक्रिया. अनेक शल्यचिकित्सक त्यापुढे जाऊन महारोहिणी या शरीरातील मुख्य धमनीभोवतीच्या ग्रंथीही काढत असत; ही विस्तारित शस्त्रक्रिया. त्याचा रुग्णाला खरोखर फायदा होतो का, हे तपासायला १९९५ मध्ये २४ रुग्णालयांत चाचणी सुरू झाली. २००१ पर्यंत ५२३ रुग्ण त्यात आले. कोणता रुग्ण कोणत्या गटात (रूढ की विस्तारित) जाणार हे पोट उघडल्यावर, रोग उदरपोकळीत पसरलेला नाही याची तपासणी झाल्यानंतरच, चिठ्ठी टाकल्यासारखे ठरे. त्यामुळे 'हा रुग्ण धडधाकट दिसतो, याची मोठी शस्त्रक्रिया करू' अशा निवडीला वावच उरला नाही. शस्त्रक्रिया अनुभवी हातांनीच व्हावी अशी अट होती, नाहीतर वाईट निकाल पद्धतीचा की हाताचा हे कळले नसते. मग प्रत्येक रुग्णाचा पाच वर्षे पाठपुरावा.

निकाल २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षे जगलेल्यांचे प्रमाण रूढ शस्त्रक्रियेत ६९.२ टक्के, विस्तारित शस्त्रक्रियेत ७०.३ टक्के; म्हणजे फरक नाही. विस्तारित शस्त्रक्रियेला मात्र साधारण तासभर जास्त लागत होता आणि २३० मिलिलिटर रक्त जास्त जात होते. तेरा वर्षांच्या कामातून निघालेला निष्कर्ष 'हे करू नका' असा होता, आणि त्याने पुढच्या असंख्य रुग्णांची निष्कारण काटछाट वाचली. वार्षिक मोजणीत या सगळ्याची नोंद मुख्यतः एक शोधनिबंध एवढीच होते.

तेवढ्याच काळात एखाद्या रुग्णालयाच्या जुन्या केसपेपरांवरून डझनभर निबंध निघू शकतात, आणि त्यात एक सापळा असतो. जितक्या जास्त ग्रंथी काढाव्यात तितक्या जास्त ग्रंथींत रोग सापडतो. त्यामुळे एरवी कर्करोगाच्या दुसऱ्या टप्प्यात धरले गेलेले काही रुग्ण तिसऱ्या टप्प्यात जातात. दुसऱ्या टप्प्यातून तुलनेने वाईट अवस्थेतले रुग्ण कमी होतात, तिसऱ्यात तुलनेने बरे रुग्ण येतात, आणि दोन्ही टप्प्यांचे निकाल सुधारल्यासारखे दिसतात. प्रत्यक्षात एकही रुग्ण एक दिवसही जास्त जगलेला नसतो. निबंध मात्र छापला जातो आणि त्याला संदर्भही मिळतात.

प्राचीन काव्याचे काम याहून संथ. आठव्या शतकातील 'मान्योशू' या संग्रहात वीस खंड आणि सुमारे साडेचार हजार कविता आहेत. तेव्हा जपानी काना लिपी तयार झालेली नव्हती, म्हणून सगळे चिनी अक्षरांत लिहिले गेले. ते अक्षर कुठे अर्थासाठी वापरले आहे, कुठे केवळ उच्चारासाठी. मूळ प्रत हरवली आहे. उपलब्ध असलेली सर्वांत जुनी पूर्ण प्रत तेराव्या शतकाच्या अखेरीची, म्हणजे मधे पाचशे वर्षांच्या नकला आहेत. पहिल्या खंडातील नवव्या कवितेच्या सुरुवातीच्या ओळी कशा वाचायच्या, यावर आजही एकमत नाही.

इथे संशोधक काय करतो? उपलब्ध प्रती गोळा करून अक्षर न् अक्षर ताडून पाहतो. पुष्पिकेत, म्हणजे प्रतीच्या शेवटच्या नोंदीत, नकल कोणी, केव्हा, कोणत्या प्रतीवरून केली ते वाचतो. दोन प्रतींत एकच चूक सापडली तर त्या एकाच पूर्वज-प्रतीतून आल्याचा संशय घेता येतो. दोन्हींत बरोबर पाठ (शब्दरूप) असेल तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. साधारण ९०५ मधल्या 'कोकिनशू' संग्रहाची तेइका या कवी-पंडिताने स्वतः अनेकदा नकल केली. १२२३ ची आणि १२२६ ची प्रत प्रसिद्ध आहेत. पुढे त्याचाच पाठ सर्वमान्य झाला. म्हणून नंतरच्या शंभर प्रतींत एकच पाठ दिसला तरी ती शंभर मते धरता येत नाहीत, ते एकट्या तेइकाचे मत असू शकते. त्याने याच संग्रहावर १२२१ मध्ये लिहिलेल्या टीकेची स्वहस्तातील प्रत क्योतोच्या रेइझेई घराण्याच्या संग्रहात सापडल्याचे २०२४ च्या एप्रिलमध्ये जाहीर झाले. असा एक कागद दशकांची अनुमाने पक्की करतो किंवा मोडतो. वळणदार जुनी अक्षरे आता संगणकही वाचू लागला आहे आणि त्याने लिप्यंतराचा वेग वाढला आहे. पण कोणती प्रत कोणत्या प्रतीची वंशज हे ठरवणे अजून माणसाचेच काम आहे.

या कामाचे फळ म्हणजे दहा-पंधरा वर्षांनी निघणारी एक चिकित्सक आवृत्ती, म्हणजे सर्व प्रती ताडून ठरवलेला पाठ. पुणेकरांना हे नव्याने सांगायला नको. भांडारकर संस्थेचे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ ते १९६६ चालले. आजच्या वार्षिक अहवालाच्या तक्त्यात त्यातली बहुतेक वर्षे रिकामी दिसली असती.

बॅटरीचे दुखणे उलट आहे. इथे निबंध भराभर निघतात. प्रयोगशाळेत नाण्याच्या आकाराचा, २० मिलिमीटर व्यासाचा सेल तयार करतात. कॅथोडवर (धन टोकावर) चौरस सेंटिमीटरला दीड-दोन मिलिग्रॅम पदार्थ असतो, म्हणजे सगळ्या सेलमध्ये जेमतेम तीन मिलिग्रॅम. वजनात ०.१ मिलिग्रॅमची चूक झाली तरी क्षमतेचा आकडा तीन टक्क्यांनी हलतो. समोर पाव मिलिमीटर जाडीचा लिथियमचा पत्रा असतो आणि त्यात गरजेच्या शंभरपटीहून जास्त लिथियम असते. इलेक्ट्रोलाइट (दोन टोकांमधला द्रव) ६० मायक्रोलिटर, म्हणजे क्षमतेच्या दर अँपिअर-तासामागे शंभर ग्रॅमच्या वर; मोटारीच्या सेलमध्ये तो दोन-तीन ग्रॅम असतो. इतका मुबलक साठा असला की दर चार्ज-डिस्चार्जला होणारी लिथियमची गळती दिसतच नाही. खऱ्या सेलमध्ये लिथियम मोजके असते. तिथे दर फेरीची कार्यक्षमता, म्हणजे परत मिळणाऱ्या लिथियमचे प्रमाण, ९९.९ टक्के असली तरी हजार फेऱ्यांनंतर ३७ टक्केच लिथियम उरते, ९९.९८ टक्के असेल तर ८२ टक्के. हा दशांशचिन्हानंतरचा फरक म्हणजेच बॅटरीचे आयुष्य, आणि नेमका तोच कित्येक निबंधांत विश्वास ठेवण्याजोगा मोजलेला नसतो.

लिथियम-आयन बॅटरीच्या इतिहासातही घाई नव्हती. लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा कॅथोड ऑक्सफर्डमध्ये शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ यांच्या गटात १९८० मध्ये सिद्ध झाला. त्या कामात मिझुशिमा हे जपानी शास्त्रज्ञ होते. जपानी शास्त्रज्ञ योशिनो यांनी त्याला कार्बनच्या अॅनोडची (ऋण टोकाची) जोड १९८५ मध्ये दिली. सोनीची बॅटरी बाजारात यायला १९९१ उजाडले आणि नोबेल मिळायला २०१९.

जपानचे सगळेच अनुकरणीय आहे असे नाही. जून २०१५ मध्ये तिथल्या शिक्षण मंत्रालयाने राष्ट्रीय विद्यापीठांना मानव्यविद्यांचे विभाग बंद किंवा पुनर्रचित करण्याचे सुचवले आणि त्यावर मोठी टीका झाली. पण 'काकेन्ही' ही तिथली अनुदान योजना पाहण्यासारखी आहे. सर्व विद्याशाखांसाठी योजना एकच, परीक्षणासाठी मात्र ३०६ लहान विभाग. जपानी साहित्याचा अर्ज साहित्याचे जाणकार वाचतात, पचनसंस्थेच्या शस्त्रक्रियेचा त्यातले शल्यचिकित्सक. लहान अनुदान तीन ते पाच वर्षांसाठी ५० लाख येनपर्यंत मिळते. परीक्षक आधी स्वतंत्र गुण देतात, मग इतरांची मते वाचून पुन्हा गुण देतात. प्रकल्पांचे अहवाल सार्वजनिक संकेतस्थळावर कोणालाही शोधता येतात.

आपल्याकडे पीएचडीचे प्रबंध 'शोधगंगा'वर खुले आहेत, ही चांगली सोय आहे. 'अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन' ही केंद्राची अनुदान देणारी संस्था आणि राज्यातील विद्यापीठांनी अनुदानित प्रकल्पांचे अंतिम अहवालही असेच खुले करावेत. हस्तलिखितांच्या आणि दीर्घ पाठपुराव्याच्या कामांना तीन वर्षांऐवजी सात ते दहा वर्षांची मुदत द्यावी. चिकित्सक आवृत्ती आणि 'फायदा नाही' असे दाखवणारी चाचणी यांना पदोन्नतीत पूर्ण गुण मिळावेत. बॅटरीच्या अहवालात पदार्थाचे वजन, इलेक्ट्रोलाइटचे प्रमाण, लिथियमचा साठा आणि किती सेल तपासले हे चार रकाने भरल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये.

आपला,
एक वाचक, पुणे