पुसून ठेवलेल्या सतरा सायकली : पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यटनमंत्री,
स.न.वि.वि.

आपण झेंडा दाखवलेली सायकल स्पर्धा रविवारी आमच्या गावात यायची होती. आदल्या रात्री मार्ग बदलला आणि ती फाट्यावरून परस्पर निघून गेली. पुलाजवळ उभ्या असलेल्या पोरांनी तीनशे एकसष्ट स्वार मोजले. वीस मिनिटांत सगळे दिसेनासे झाले.

“तासाभराचा थांबा तुमच्या गावात, जुन्या सायकलींचं प्रदर्शन मांडा,” असं आपणच सभेत म्हणाला होतात. आम्ही ते खरं धरलं. माळ्यावरून, गोठ्यातून सतरा सायकली काढल्या. माझे वडील जन्मभर सायकलमिस्त्री. डोळ्यांना कमी दिसतं, तरी दीड महिना खपून त्यांनी छर्रे बदलले, चाकांची आऊट काढली, एकीचा डायनॅमो पुन्हा पेटवला. प्रत्येक कॅरिअरला पाटी बांधली: ही दुधाच्या किटल्या वाहायची, हिच्यावरून सुईणबाई रात्री-अपरात्री वाड्यांवर जायच्या, हिच्या दांडीखालून पाय घालून अर्धं गाव सायकल शिकलं. रविवारी दुपारी दोनपर्यंत वडील त्या पाट्यांजवळ उभे होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. त्या दिवसापासून ते दुकानाकडे फिरकलेले नाहीत. साहेब, हे मला सहन होत नाही.

अधिकाऱ्यांनी कारण दिलं की गावातला रस्ता कच्चा आहे. इटलीत गायोले इन कियान्ती नावाचं लहानसं गाव आहे. तिथले मातीचे पांढरे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत म्हणून १९९७ साली ‘लेरोइका’ ही जुन्या सायकलींची रपेट सुरू झाली. लोक आजोबांच्या काळातल्या सायकली घेऊन येतात, वाटेतल्या थांब्यांवर उतरतात, गावकऱ्यांच्या हातचं खातात. त्याच रस्त्यांवर २००७ पासून व्यावसायिक शर्यतही होते. फ्रान्समधली पॅरिस-रुबे ही सायकल शर्यत १८९६ पासूनची. तिच्या वाटेवरचे खडबडीत दगडी पट्टे टिकावेत म्हणून स्वयंसेवक निखळलेले दगड पुन्हा बसवतात. इटलीतच कोमो सरोवराच्या वरच्या घाटात गिसालोची मादोन्ना, म्हणजे मेरीमाता, हिचं छोटंसं प्रार्थनास्थळ आहे. तिला १९४९ साली पोपनी सायकलस्वारांची रक्षक म्हणून घोषित केलं. आत विजेत्यांच्या सायकली टांगलेल्या आहेत, शेजारी संग्रहालय आहे. माणसं घाट चढून ते पाहायला जातात, म्हणजे तिथे थांबतात. थांबले तरच गावाच्या हातात चार पैसे पडतात. भरधाव निघून गेलेल्या स्पर्धेतून आम्हाला मिळाला तो फक्त चार तास बंद रस्ता.

तुम्हाला खेडं हवं आहे ते वरून ड्रोनने टिपायला. रस्ता एका खात्याचा, स्पर्धा दुसऱ्या, पर्यटन तिसऱ्या. तीन कचेऱ्यांच्या पायऱ्या मी अकरा वेळा चढलो आणि प्रत्येक टेबलावर दुसऱ्या टेबलाचं नाव ऐकलं. मार्ग ठरवताना गावातल्या एकाही माणसाला विचारलं नाही. विचारायचं असतं हेच ही व्यवस्था विसरली आहे. तलाव असो, शाळा असो, आमच्या वाट्याला नेहमी ठरलेला निर्णय येतो आणि तोही रात्री उशिरा.

पुढच्या वर्षीचा थांबा लेखी द्या. सायकली ठेवायला बंद पडलेल्या चावडीच्या दोन खोल्या द्या. एवढंच मागतो आहे.

सायकली सध्या शाळेच्या वर्गात आहेत. शुक्रवारी वर्ग रिकामा करून द्यायचा आहे. आठ जण आपापली सायकल परत घेऊन गेले, त्यातली एक भंगारात गेल्याचं काल कळलं. नऊ उरल्या आहेत. उत्तर शुक्रवारच्या आत पाठवा.

आपला,
एका सायकलमिस्त्रीचा मुलगा