घाम तेवढा सगळा सारखाच?

माननीय संपादक,

कालच्या पुरवणीतला सौनावरचा, म्हणजे तापवलेल्या खोलीत बसून घाम काढण्यावरचा, लेख वाचला. लेखाच्या खालीच स्टीम-सौना पॅकेजची जाहिरात होती, हा निव्वळ योगायोग समजून पुढे लिहिते.

फिनिश सौना, स्टीम आणि इन्फ्रारेड, तिघांना एकाच माळेत ओवून '२० मिनिटे बसा' सांगून लेखकमहाशय मोकळे झाले. फिनिश सौनात ८० ते १०० अंश असतात, पण हवा कोरडी, म्हणून घाम सुकतो आणि माणूस तग धरतो. स्टीममध्ये जेमतेम ४५. पण वाफ इतकी कोंडलेली की घाम सुकणार कुठे? इन्फ्रारेडमध्ये किरणांनी हवेपेक्षा अंगच जास्त तापतं. आपले स्वेदनपेटीवाले, म्हणजे पेटीत बसवून वाफ देणारे, वैद्य बरे, रुग्णाचं डोकं तरी बाहेर ठेवतात!

माझ्या जाऊबाईंना बीपीची गोळी चालू आहे. शहरातल्या एका सेंटरवर (नाव लिहिलं तर तुम्ही छापणार नाही) आम्ही दोघी गेलो. कसली औषधं चालू आहेत, कुणी चकार शब्दानं विचारलं नाही. स्टीममध्ये जीव घाबरा झाला म्हणून त्या उठायला लागल्या, तर तिथली मुलगी दार किलकिलं करून म्हणते, "काकी, बसा की अजून जरा. आत्ता कुठं विष बाहेर पडायला लागलंय." बाहेर आल्या त्या भिंत धरून, बाकड्यावर टेकल्या आणि डोळ्यांपुढे अंधारी. मग पळापळ, पंखा, लिंबू सरबत. ते सरबत बिलात लावलं, ६० रुपये! वर काट्यावर उभं करून "बघा, अर्धा किलो उतरलं." अहो, ते अंगातलं पाणी. तांब्याभर प्यायल्या की झाली भरपाई. आणि विष काढायला मूत्रपिंडं आणि यकृत आहेत. नुसता घामच गाळायचा तर उसाच्या हंगामात गुऱ्हाळात चुलवाणापुढं बसावं, येताना काकवी तरी मिळते.

लेखात फिनलंडच्या संशोधनाचा दाखला आहे. २०१५ सालचा तो अभ्यास तिथल्या मध्यमवयीन पुरुषांचा, तोही त्यांच्या नेहमीच्या सौनाचा. आठवड्याला ४ ते ७ वेळा जाणाऱ्यांत हृदयविकारानं मृत्यू कमी दिसले. ते सौनामुळेच, असं त्यातून सिद्ध होत नाही. त्याच्या जिवावर आमच्याकडच्या फरशीवाल्या स्टीमच्या खोलीला प्रशस्तिपत्र कसं दिलंत? बीपी, हृदयविकार, गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, एवढी एक ओळ छापायला जागा नव्हती?

जागेवरून आठवलं, रविवारच्या शब्दकोड्याची उत्तरं हल्ली छापत नाही. तीही जाहिरातीखाली गेली का?

आपली,
एक जुनी वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर